मास्तरांचा गुरुवार

खांद्यावर टॉवेल, पायात रबरी चपला आणि काखेत हवा भरलेलं प्लास्टिकचं बदक. अशा थाटात एक अख्खं कुटुंब गल्लीत शिरलं तेव्हा टेलर मास्तर दुकानात बसून एका शर्टाला काज करत होते. त्यांनी चष्म्याच्या वरून बघितलं. कुटुंब सरळ गल्लीच्या टोकाला गेलं आणि पाण्याच्या टाकीपाशी थांबलं. टाकी सिमेंटची, दोन पुरुष उंच, वर लोखंडी झाकण. बदक सोडायला जागाच नाही.

"पोहायला आलेत वाटतं," समोरच्या बेकरीवाल्या काकू म्हणाल्या.

"टाकीत?"

"मग काय, माझ्या भट्टीत?"

जरा वेळाने कुटुंबातला बाप परत आला. घामाने भिजलेला. "काका, तळं कुठाय?"

"तळं? तळं पार दुसऱ्या टोकाला. तुम्ही आलात कुठून?"

"वरच्या रस्त्यावरच्या व्हिलातून. तिथे नकाशा लावलाय ना."

वरच्या रस्त्यावरच्या त्या व्हिलाची सगळी देखभाल मास्तरांची बायकोच करायची आणि नकाशा स्वतः मास्तरांनी काढला होता, त्यामुळे ते ताठ बसले. "नकाशा बरोबर आहे. तुम्हीच कुठेतरी चुकला असाल."

बापाने टॉवेलने घाम पुसला. तो वळला, आणि मास्तरांना दिसलं की उतारावरून येताना त्याची चड्डी मागून चांगली वीतभर उसवली होती. मास्तर सगळं सहन करतील, उसवलेली शिवण नाही. त्यांनी त्याला पडद्यामागे ढकललं आणि चड्डी मशीनवर घेतली. तोवर पोरांनी काकूंची गरम बिस्किटं संपवली. बापाची बायको दुकानात येऊन टेकली आणि तिचं लक्ष कपाटावरच्या निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या ठाणाकडे गेलं.

"याचे चार शर्ट शिवाल? चौघांना सारखे?"

मास्तरांनी मापं घेतली. "गुरुवारी देतो."

"आम्ही बुधवारी निघणार..." बाई म्हणाली. मग नवऱ्याकडे, म्हणजे पडद्याकडे, बघून म्हणाली, "अहो, एक दिवस वाढवूया का?"

शेजारचा सायकल दुरुस्तीवाला, ज्याला सगळी दुनिया पंक्चर म्हणते, तोवर चार सायकली पुसून उभाच होता. "टाकीमागून पायवाट आहे. वीस मिनिटांत तळं. बदक पुढच्या टोपलीत बसवा."

अशी सुरुवात झाली.

आता ही गल्ली कशी होती ते सांगायला हवं. तळ्याला लागून एक मोठं हॉटेल. साठ घरांना तिथून पगार येतो, पहिल्या तारखेला, न चुकता. त्याबद्दल कुणी वाकडं बोललेलं मी ऐकलेलं नाही. पण हॉटेलचे पाहुणे म्हणजे डब्यातली लोणची. बस दारात येणार, दारातून निघणार. खाणं आत, पोहणं आत, केस कापणं आत, दुकानसुद्धा आत. पाव लांबून ट्रकने यायचा. चौदा वर्षं हॉटेलच्या नोकरांचे पट्ट्यांचे शर्ट मास्तरांनी शिवले. मग एका वर्षी वरून हुकूम आला, की सगळ्यांना तयार कोट. मास्तरांकडे ठाण शिल्लक राहिलं, आणि गल्लीत दुपारी कुत्र्यांशिवाय कुणी फिरकेना झालं.

मग वरच्या रस्त्यावरच्या घरांच्या व्हिला झाल्या. तेही काही सगळं गोड नव्हतं. भाडेकरूंना घरं सोडावी लागली. पंक्चर त्यातलाच, म्हणून तो व्हिला शब्द दात आवळून म्हणायचा. मालक लोक लांब राहायचे आणि फोनवरून कारभार करायचे. त्यातल्या एका मालकिणीने मास्तरांच्या बायकोला विचारलं, माझी व्हिला सांभाळाल का?

मास्तरांच्या बायकोला सगळे मास्तरीणबाई म्हणतात. शाळेत कधी शिकवलं नाही, पण आवाज तसा आहे. ती अकरा वर्षं हॉटेलच्या तळघरात चादरींच्या खोलीत होती. खोलीला खिडकी नाही. सकाळी ट्यूबलाइट लावायची, संध्याकाळी घालवायची, मधे चादरी. अकरा वर्षांत त्या चादरींवर झोपलेल्या एकाही माणसाचं तोंड तिने बघितलं नव्हतं. व्हिला बघायला गेली, तिथे नऊ खिडक्या. तिने नऊच्या नऊ उघडल्या आणि दुसऱ्याच दिवशी हॉटेलचा राजीनामा दिला.

सगळ्यात जास्त आरडाओरडा तिच्या धाकट्या भावाने केला. मास्तरांचा हा मेहुणा हॉटेलच्या मोठ्या दारावर उभा राहून पाहुण्यांना सलाम ठोकायचा. "ताई, लागलेला पगार लाथाडलास तू! व्हिला म्हणजे आज आहे, उद्या नाही. दाजी, तुम्ही तरी सांगा हिला!"

दाजींचं, म्हणजे मास्तरांचं, लक्ष बोलण्याकडे नव्हतंच. ते मेहुण्याच्या तयार कोटाकडे बघत होते. बाही मनगटापासून चार बोटं वर. दिवसभर हा माणूस असा, हात अडकल्यासारखा, सलाम करतो. मास्तरांना अक्षरशः कळ यायची.

तर नकाशा. मालकीण म्हणाली, पाहुण्यांना तळ्याची वाट दाखवणारा हाताने काढलेला एक नकाशा लावा. मास्तरीणबाईने काम नवऱ्याकडे दिलं. मास्तरांनी कापड बेतायचा पातळ बटर पेपर घेतला आणि जीव ओतून नकाशा काढला. रस्ता म्हणजे तुटक टाके, वळण म्हणजे कात्रीची खाच, झाड म्हणजे बटण. चार टाचण्यांनी तो व्हिलाच्या दाराशी लागला. तुम्ही म्हणाल, लोकांच्या फोनमध्ये नकाशा नसतो का? असतो. पण वरच्या रस्त्यावर रेंज म्हणजे जावयाचं येणं. कधी येईल सांगता येत नाही आणि आली तरी टिकत नाही. लोक भिंतीवरच्या नकाशाचा फोटो काढायचे आणि निघायचे.

आणि थेट टाकीपाशी यायचे.

पहिल्या कुटुंबानंतर दोन मित्र आले. मग एक म्हातारं जोडपं, मग आठ बायकांचा घोळका. तिसऱ्या आठवड्यापर्यंत कुणाला नवल वाटेना. टॉवेलवाला माणूस दिसला की काकू भट्टीतून ट्रे काढायच्या, सलूनवाला खुर्ची फिरवायचा, पंक्चर घंटी वाजवायचा. आणि पट्ट्यांच्या शर्टाला तर अशी मागणी, की मास्तरांनी दुसरं ठाण मागवलं. तळ्याकाठी ते शर्ट घालून लोक फिरायला लागले आणि घोटाळे झाले. हॉटेलच्या जुन्या पाहुण्यांना वाटायचं, हे वेटर. एका व्हिलावाल्या गृहस्थाला तिथे कुणीतरी दोन कॉफी सांगितल्या. बिचाऱ्याने आणूनही दिल्या.

एके दिवशी मास्तरीणबाई म्हणाली, "अहो, व्हिलातला एक पडदा जमिनीवर लोळतोय. येऊन टाके घालून जा."

मास्तर गेले. पडदा आखूड केला, निघताना दाराशी थांबले आणि पहिल्यांदाच स्वतःचा नकाशा बाहेरच्या माणसासारखा बघितला. फाटकातून बाहेर पडा, डावीकडे वळा. त्यांनी फाटकाकडे बघितलं. तळं उजवीकडे होतं. फाटकातून उजवीकडे, हॉटेलच्या भिंतीच्या कडेने, झाडाशी डावीकडे, की तळं. नकाशात सगळं उलट. आणि नशीब असं, की डावीकडेही एक लांब भिंत होती, जुन्या गोदामाची, आणि पुढे एक झाडही होतं.

मास्तरांनी स्वतःच्या हाताकडे बघितलं. चाळीस वर्षं ते कापडाच्या उलट्या बाजूला खडूने खुणा करत आले होते. सुलट्या बाजूला खूण केली तर डाग दिसतो, म्हणून उलट्या बाजूला. तिथे डावं ते उजवं, उजवं ते डावं, आणि हाताला आता ते विचारावंही लागत नाही. नकाशाही त्यांनी तसाच बेतला होता. मास्तरीणबाईच्या लक्षात आलं नाही, कारण जिला वाट पाठ आहे ती नकाशा कशाला बघेल?

ते तडक गल्लीत आले आणि काकूंच्या ओट्यावर बसले. "चूक झाली हो. माझीच. नकाशा उलटा काढलाय मी. उद्या बदलतो."

काकूंच्या हातातला चिमटा थांबला. पंक्चर सायकल सोडून उठला. सलूनवाला अर्धी दाढी झालेल्या गिऱ्हाइकासकट दारात आला.

"चूक आहे हे कोण नाही म्हणतंय?" काकू म्हणाल्या. "पण घाई काय आहे? लोकांच्या पँटी सुधारायला महिना लावता, आणि नकाशा एका दिवसात?"

"लोक फसतायत त्यात."

"मला फसवा!" अर्ध्या दाढीवाला म्हणाला. तोही व्हिलाचाच पाहुणा निघाला.

"मास्तर," पंक्चर म्हणाला, "त्या व्हिलांनी माझं घर घेतलं. पहिल्यांदाच त्यांच्याकडून काहीतरी परत येतंय. तेवढा हा सीझन जाऊ द्या."

मास्तर गप्प बसले. ते गप्प बसले ही दुसरी चूक, पण ती करताना त्यांना बरं वाटलं, हेही खरं.

शुक्रवारी संध्याकाळी मालकिणीचा फोन आला. मास्तरीणबाई फोन ठेवून खुर्चीत बसली, आणि ती कामाशिवाय कधी बसत नाही.

"मॅडम रविवारी येतायत. सोबत एका कंपनीचा माणूस आहे. चाळीस व्हिला सांभाळतात म्हणे ते. त्यांची माणसं वेगळी, चादरी वेगळ्या, नाश्तासुद्धा डब्यातून गाडीने येतो. त्यांना द्यायची की माझ्याकडेच ठेवायची, ते रविवारी ठरवणार." तिने नवऱ्याकडे बघितलं. "आणि म्हणाल्या, नकाशाबद्दल बऱ्याच लोकांनी लिहिलंय. काय लिहिलं असेल हो?"

नेमका तेव्हाच मेहुणा दारात. ड्यूटीवरून सरळ आलेला, मनगटं उघडी. "ताई, खूशखबर! साहेब म्हणाले, तुझी जागा सोमवारपर्यंत रिकामी ठेवतो. ये परत."

"तळघरात?"

"तळघर म्हणजे काय विहीर आहे का? ट्यूबलाइट बदलल्यात आता."

मास्तरीणबाईने नुसतं उघड्या खिडकीकडे बघितलं. मास्तरांना ते बघवेना. अकरा वर्षं तिला त्या खोलीत जाताना त्यांनी बघितलं होतं, आणि आता तीच खोली त्यांच्या एका खडूच्या रेषेने परत समोर आणून ठेवली होती.

"अगं," ते म्हणाले, "एक सांगायचं होतं."

सगळं सांगितलं. मेहुणा आधी हसायला लागला, मग ताईचं तोंड बघून थांबला.

"गल्लीतल्या सगळ्यांना माहीत होतं?"

"हो."

"बेकरीवाल्या काकूंना?"

"त्यांना आधी."

"आणि मी रोज त्या नकाशावरची धूळ पुसतेय!" ती उठली, बटर पेपर आणला आणि टेबलावर आपटला. "नवा काढा. आत्ता. माझ्यासमोर."

मास्तरांनी खडू घेतला. काढला. उलटा. परत काढला. उलटा. तिसऱ्या वेळी मेहुणा बाजूला उभा राहून ओरडत होता, "उजवीकडे दाजी, उजवीकडे! माझ्या सलामाचा हात!" आणि तरी हात डावीकडे गेला. चाळीस वर्षांची सवय ती, तीन कागदांत कशी जाणार? शेवटी मास्तरीणबाईने खडू काढून घेतला. "राहू दे. रविवारी जे व्हायचं ते होईल. खोटं मात्र बोलायचं नाही."

रविवारी व्हिलाच्या नऊही खिडक्या उघड्या होत्या. मालकीण चाळिशीची, केस बारीक कापलेले, बोलणं कमी. कंपनीवाला तरुण, बूट चकचकीत, हातात टॅब. तो आल्या आल्या नकाशापाशी गेला.

"चौदा पाहुण्यांनी लिहिलंय. त्यातल्या अकरा जणांनी लिहिलंय, नकाशा चुकीचा. हे असं होतं, मॅडम, घरगुती कारभारात."

मालकिणीने मास्तरांकडे बघितलं. "तुम्ही काढलात?"

"हो. आणि चूक माझी, हिची नाही." मास्तरांनी चारही टाचण्या काढल्या, नकाशा घेतला आणि जवळच्या खिडकीच्या काचेवर पालथा धरला. उजेड कागदातून आरपार आला. अक्षरं उलटी झाली, पण तुटक टाक्यांचा रस्ता फाटकातून उजवीकडे निघाला आणि बरोबर तळ्यापाशी जाऊन थांबला. "आम्ही उलट्या बाजूने बेततो, बाई. या बाजूने बघितलं तर बरोबर आहे."

"म्हणजे चूक मान्य," कंपनीवाला म्हणाला आणि टॅबवर काहीतरी ठोकलं.

"थांबा जरा," मालकीण म्हणाली. "तुमच्या चाळीस व्हिलांत लोक किती दिवस राहतात?"

"सरासरी दोन रात्री. सगळीकडे तेवढंच असतं."

"माझ्याकडे दोन रात्रींसाठी येतात आणि चार राहतात. मी नकाशासाठी आलेलीच नाही. हे का होतं ते बघायला आलेय." तिने फोन काढला. "तुम्ही फक्त मोजलंत. मी वाचलंय. ऐका. 'नकाशा चुकीचा आहे. शर्ट गुरुवारी मिळणार होता, शनिवारी मिळाला. तेवढ्यात आमचा मुलगा सायकल शिकला.' दुसरा. 'टेलर काका गुरुवार म्हणाले. कुठला गुरुवार ते आम्ही विचारलं नाही, चूक आमची. पुढच्या वर्षी परत येऊ, तोवर पँट झाली असेल.'"

खोलीत सगळे मास्तरांकडे बघायला लागले. मास्तर टाचण्यांकडे.

"अहो!" मास्तरीणबाई म्हणाली. सत्तावीस वर्षं ती या माणसाला वेळेवर कपडे देत नाही म्हणून बोलत होती. लग्नातला तिचा स्वतःचा ब्लाऊज वरातीच्या दिवशी काज नसलेला आला होता, टाचण्या लावून लग्न लागलं. आणि आता त्याच उशिराने तिच्या व्हिलाच्या चादरी दोन-दोन दिवस जास्त अंथरलेल्या राहत होत्या. तिला हसू आवरेना. तिने पदर तोंडाला लावला, तरी खांदे हलत होते. मग मालकीण हसली. कंपनीवाला हसला नाही, पण त्याने टॅब बंद केला.

"ताई, व्हिला तुमच्याकडेच राहील," मालकीण म्हणाली.

दुसरी कुणी असती तर हात जोडले असते. मास्तरीणबाईने डोळे पुसले आणि म्हणाली, "मॅडम, हॉटेलात आठवड्याची सुट्टी होती. इथे नाही. आणि सीझन संपल्यावर व्हिला रिकामी असते, तेव्हाही माझं पोट रिकामं ठेवून चालत नाही. ते दोन्ही ठरवू, मग मी हो म्हणते."

मास्तर बघतच राहिले. मालकिणीने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "ठरवलं. दोन्ही. नकाशाचं काय करायचं?"

"काचेवर लावू," मास्तरीणबाई म्हणाली. "दारालाच काच आहे. मी दोन्ही बाजूंना नावं लिहिते. आतून बघितलं तर गल्ली, बाहेरून बघितलं तर तळं. ज्याला जी वाट हवी त्याने ती घ्यावी. फसवाफसवी नको."

मालकीण आतून बघून निघाली, म्हणजे सरळ गल्लीत. कंपनीवालाही तिच्या मागोमाग, कारण गाडीची किल्ली तिच्याकडे होती. काकूंनी ट्रे काढला, पंक्चरने घंटी वाजवली. मालकीण त्याच्याशी बराच वेळ बोलत उभी राहिली. काय बोलली ते पंक्चरने अजून कुणाला सांगितलेलं नाही, पण त्यानंतर तो व्हिला शब्द जरा कमी दात आवळून म्हणतो. कंपनीवाल्याने शर्टाचं माप दिलं.

"मला आजच निघायचंय हं," तो म्हणाला.

"मग गुरुवारी या," मास्तर म्हणाले.

सोमवारी दुपारी मेहुणा गल्लीत आला. मास्तरांना वाटलं, ताईचं उत्तर घ्यायला आला असेल. पण तो दुकानात शिरला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "दाजी, एक काम होतं. आमचे पाहुणे दारात येऊन मला विचारतात, ते पट्ट्यांचे शर्ट कुठे मिळतात? ती बिस्किटं कुठे मिळतात? मी सलाम करू की वाटा सांगू? साहेब म्हणाले, एक नकाशा आणून लाव दारात."

"कुठल्या बाजूचा?"

मेहुणा इकडेतिकडे बघून म्हणाला, "उलट्या."

काकू ओट्यावरून इतक्या मोठ्याने हसल्या की कुत्री उठली. मास्तरीणबाई व्हिलातून नुकतीच आली होती. ती भावाला म्हणाली, "आणि माझी तळघरातली जागा?"

"देतील दुसऱ्या कुणाला तरी. पण आधी साहेबांना सांग तिथे एक खिडकी पाडायला. तुझं ऐकतील. तुझी बातमी सगळीकडे झालीय."

"सांगते की. घाबरते काय?"

मास्तर मात्र मगासपासून एकच गोष्ट बघत होते. शेवटी त्यांना राहवलं नाही. ते उठले, मेहुण्याच्या मागे गेले आणि कोट त्याच्या खांद्यावरून उतरवून घेतला.

"अहो दाजी! संध्याकाळी ड्यूटी आहे माझी!"

"बाहीच्या आत दुमडलेलं कापड आहे, चार बोटं सहज उसवून निघेल. हे असं घालून तू माझ्या डोळ्यांसमोर फिरू नकोस."

"अहो पण कधी देणार?"

मास्तरांनी बायकोकडे बघितलं. तिने कपाळाला हात लावला, पण बोटांच्या आड ती हसत होती.

"गुरुवारी," मास्तर म्हणाले.

त्या संध्याकाळी, आणि पुढचे नऊ दिवस, हॉटेलच्या मोठ्या दारावर मेहुणा कोटाऐवजी मास्तरांनी दिलेल्या निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या शर्टात उभा होता. बाही बरोबर मनगटापर्यंत. सलाम असा कडक बसायचा की बघत राहावं. आणि कुणी वाट विचारली की तो हात तसाच पुढे न्यायचा आणि गल्लीकडे दाखवायचा.